थांब्याला विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नये: जडप्राणवादावर काल्पनिक जग कसं उभं करावं

पुण्यात मारुती एक नाही. जिलब्या मारुती वेगळा, डुल्या मारुती वेगळा, पत्र्या वेगळा, भिकारदास वेगळा, उंटाड्या वेगळा. पुराणातला हनुमान एकच, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी एका मारुतीला बोललेला नवस दुसऱ्याच्या पायाशी फेडायला कुणी जात नाही. नवस बोलला होता तो त्या गल्लीतल्या, त्या पारावरच्या, त्याच मारुतीला.

फँटसी लिहायला नव्याने बसलेल्या मुलामुलींना मी पहिल्या बैठकीत हेच सांगते. त्यांच्या वहीत तोवर एक नकाशा झालेला असतो, आणि बारा देवतांचा तक्ता: अग्नीची देवता, पाण्याची, वाऱ्याची, मरणाची. प्रत्येकीसमोर तिची शक्ती लिहिलेली असते. ती राहते कुठे, तिला कोण ओळखतं, तिच्या पायाशी शेवटचं फूल कुणी आणि कधी ठेवलं, हे मात्र नसतं. तो तक्ता बाजूला ठेवा. फाडू नका, पुढे लागेल.

आधी शब्द समजून घ्या

ॲनिमिझमला मराठीत जडप्राणवाद म्हणतात, कुणी सर्वात्मवादही म्हणतं. एडवर्ड टायलर या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने १८७१ साली हा शब्द धर्माच्या अभ्यासात रुळवला. झाडात, दगडात, नदीत आत्मा असतो असं मानणं ही धर्माची सगळ्यात जुनी पायरी, असं त्याचं म्हणणं. फँटसीतली बरीचशी जगं अजून याच व्याख्येवर चालतात. सगळ्यात आत्मा आहे, म्हणून रानात सगळं सारखंच चमचमतं आणि सगळं सारखंच शहाणपणाचं बोलतं.

पुढे हे चित्र बदललं. अर्विंग हॅलोवेल हा अमेरिकन अभ्यासक कॅनडातल्या ओजिब्वे लोकांमध्ये काम करत होता. त्यांच्या भाषेत ‘दगड’ हा शब्द व्याकरणाने सजीवांच्या गटात मोडतो. म्हणून त्याने एका म्हाताऱ्याला विचारलं, आपल्या आजूबाजूला दिसतात ते सगळे दगड जिवंत आहेत का? म्हातारा बराच वेळ विचारात पडला. मग म्हणाला, नाही. पण काही आहेत.

‘काही आहेत’ इथे तुमचं काम सुरू होतं. कोणता दगड? आणि तो ‘कुणीतरी’ आहे हे लोकांना कळलं कसं? आपल्याकडच्या दंतकथांत याची उत्तरं तयार आहेत. गाय रोज एकाच जागी पान्हा सोडते. नांगराचा फाळ अडतो आणि मातीत रक्त दिसतं. कुणाच्या तरी स्वप्नात येऊन ‘मला इथून वर काढ’ असं सांगितलं जातं. निवडुंगाच्या जाळीत सापडला म्हणून निवडुंग्या विठोबा. प्रत्येक वेळी आधी काहीतरी घडलेलं असतं, आणि ओळख त्यातून पटते. तुमच्या जगातल्या प्रत्येक सत्त्वाला, म्हणजे दगडातल्या, झाडातल्या, नदीतल्या त्या ‘कुणीतरी’ला, अशी एक घटना द्या. आत्मा आहे की नाही हा वाद तुमच्या पात्रांना पडूच देऊ नका. त्यांना पडणारा प्रश्न साधा असतो: हा कोण, आणि याच्याशी वागायचं कसं?

एकच जागा निवडा

सगळं जग एकदम रचायला घेऊ नका. उदाहरणासाठी मी सावळी नावाची एक नदी घेते. पावसाळ्यात नाव चालते, उन्हाळ्यात पायी ओलांडता येईल असा उतार आहे. उताराच्या तोंडाशी गुडघाभर उंचीचा काळा दगड. एका वर्षी वऱ्हाडाच्या गाड्या तिथे आल्या आणि पहिल्या गाडीचे बैल त्या दगडापाशी बसले. काहींनी बैल मारून उठवले आणि पाण्यात घातले. बाकीचे काठावर थांबले. वरच्या अंगाला पाऊस झाला होता, लोंढा आला. थांबले ते वाचले. त्या दिवसापासून दगडाचं नाव थांब्या.

नाव असं पडू द्या. ‘जलाधिपती’ वगैरे नाव गावकऱ्यांच्या तोंडी बसत नाही. थांब्या बसतं, सोट्या म्हसोबा बसतं.

आता एक सराव. सकाळी वेताळ टेकडीवर जा, नाहीतर पेठांतल्या गल्ल्यांतून तासभर पायी फिरा. शेंदूर लावलेला दगड, पार, विहिरीचा कठडा, नदीच्या घाटावरची एखादी कोनाड्याएवढी घुमटी बघा. तिथे काय वाहिलंय ते लिहून घ्या: नारळ, लिंबू, हिरव्या बांगड्या, लाकडी पाळणा, अंडं, विडा. देवाचं नाव विचारायची घाई करू नका. पाळणा टांगलेला दिसला तर इथे मूल मागायला कुणी येतं हे कळलंच. पाण्याकाठी हिरव्या बांगड्या दिसल्या तर तिथे साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवी, असण्याचा संभव मोठा. वाहिलेल्या वस्तूंवरून देवतेचा स्वभाव वाचता आला की तुमच्या कथेतही तो तसाच, वस्तूंमधून सांगता येईल. वाचकाला व्याख्यान द्यावं लागणार नाही.

मान ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. माझ्या मते जडप्राणवादी जगाचा गाभा ‘मान’ या एका मराठी शब्दात आहे. लग्नातलं मानपान आठवा. मामाचा मान, आत्याचा मान, कुणाला आधी ओवाळायचं, कुणाला हाताला धरून पंगतीत बसवायचं. आत्यावर तुमची श्रद्धा आहे का, असं कुणी विचारत नाही. आत्या आहेच. प्रश्न एवढाच की तिचा मान राखला गेला की नाही. गावाचं म्हसोबाशी, विहिरीशी, वडाशी असलेलं नातं अगदी याच जातीचं आहे.

माझ्या आजीकडे खड्याच्या गौरी असत. भाद्रपदात ती नदीवर जायची, मी परात धरून मागे. जायच्या आधी ती तोंडात पाण्याची चूळ धरायची, कारण गौर आणताना बोलायचं नाही. काठावर वाकून ती खडे उचलायची, हातात फिरवायची, परत ठेवायची. असे कितीतरी. मी विचारलं, ‘आजी, कुठला घ्यायचा ते कसं कळतं?’ तिचं तोंड पाण्याने भरलेलं. तिने एक खडा माझ्या तळहातावर ठेवला, काढून घेतला आणि दुसरा ठेवला. दुसरा हाताला जड आणि थंड लागला. तो परातीत गेला. सात झाल्यावर मागे न बघता घरी. दारात पायांवर दूधपाणी, उंबरठ्यापासून आतपर्यंत कुंकवाची पावलं, ‘गौर आली, सोन्याच्या पावलांनी आली’. मग तिला घरभर फिरवून दाखवायचं: हे स्वयंपाकघर, हे धान्य, ही दुभती म्हैस (म्हैस नव्हती, पण तसं म्हणायचं). पहिल्या दिवशी भाजीभाकरी, दुसऱ्या दिवशी घावन-घाटलं, तिसऱ्या दिवशी पाठवणी. त्या तीन दिवसांत घरात कुणीही त्यांना खडे म्हटलं नाही. पाठवणी झाली की ते पुन्हा नदीत, हजार खड्यांमध्ये.

लेखकाने यातून किती गोष्टी उचलाव्यात! सत्त्व कायमचंच असावं लागत नाही, ते तीन दिवसांचं पाहुणंही असू शकतं. निवड हाताने होते, मंत्राने होत नाही. नियम शरीरावर बसतो, तोंडातल्या पाण्याच्या रूपाने, आणि तो मोडण्याचा धोका प्रत्येक पावलाला असतो. आणणं, बसवणं, जेवू घालणं, निरोप देणं, हे सगळं पाहुण्यासारखं. तुमच्या जगातला एखादा विधी लिहिताना ‘त्यांनी पूजा केली’ असं एका वाक्यात उरकू नका. चूळ कुणी धरली ते दाखवा.

आता तुमच्या सत्त्वाबद्दल लिहा: त्याला काय चालतं, काय खपत नाही, रुसलं तर काय होतं, समजूत कशी काढायची, आणि हे सगळं कुणाला माहीत आहे. आपण निघालो त्या काठावरचा एक खडा थांब्याला द्यायचा. चपला हातात घ्यायच्या. दहा श्वास उभं राहायचं. घाई त्याला खपत नाही. एवढंच पुरे. यापेक्षा जास्त नियम केलेत तर तुम्हालाच ते लक्षात राहणार नाहीत.

जादू म्हणजे देणंघेणं

असल्या जगात जादू पाण्यासारखी टाकीत साठत नाही, की अमुक इतकी वापरली आणि संपली. ती दुसऱ्या कुणाकडून मागून मिळते, आणि समोरचा नाही म्हणू शकतो. हा ‘नाही’ फार मोलाचा आहे. बटण दाबल्यासारखा मंत्र चालत असेल तर ते यंत्र झालं, तिथे कुणी राहत नाही.

आपल्याकडचे तीन व्यवहार यासाठी हाताशी ठेवा. पहिला कौल. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या किंवा कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि वाट बघतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, असा सर्वसाधारण संकेत. पण कधीकधी कुठलीच पडत नाही. अर्धा तास जातो, तास जातो, माणसं ताटकळतात. होकार-नकारापेक्षा कथेला हा न लागणारा कौल जास्त उपयोगी पडतो, कारण त्या तासाभरात माणसं आपसात बोलायला लागतात आणि लपवलेलं बाहेर येतं.

दुसरा नवस. नवस म्हणजे शब्दावर घेतलेलं कर्ज. फेडलं नाही तर ते पुढच्या पिढीवर येतं असं लोक मानतात. आजोबांनी बोललेला आणि राहून गेलेला नवस नातीच्या वाट्याला आला, एवढ्यावर अख्खी कादंबरी उभी राहील. तिला आधी शोधावं लागेल की नवस बोलला होता कुणाला, आणि तो जागेवर आहे का.

तिसरी शीव. गावाच्या हद्दीपलीकडे तुमचा थांब्या तुम्हाला वाचवू शकत नाही, कारण तिथे त्याचीही ओळख नाही. जादूला घालायची ही सगळ्यात नैसर्गिक मर्यादा. प्रवासाच्या कथेत तर ती फारच कामाला येते. नायिका प्रत्येक नव्या शिवेवर नवखी असते, प्रत्येक ठिकाणी आपण कोण, कुणाची, कुठून आलो हे सांगून सुरुवात करावी लागते.

आणि नियमाची खूण जमिनीवर दिसू द्या. मुळशी, वेल्हे, भोर या भागांत देवराया आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला आणि देवाच्या भीतीने आणि मानाने राखलेलं हे रान जगासमोर आणलं. अशाच एका राईत मी गेले होते. आजूबाजूचा डोंगर बोडका आणि मध्येच हा गच्च अंधार. आत एक भलं मोठं झाड आडवं पडून जागच्या जागी कुजत होतं, त्यावर हातभर रुंद आळंबी. सोबतच्या आजोबांना मी विचारलं, एवढं लाकूड कुणी नेलं कसं नाही? ते म्हणाले, ‘देवाचं हाय. काय करायचं ते देव बघंल.’ राईच्या खालच्या अंगाला एप्रिलातही झरा वाहत होता. काडीही उचलायची नाही, या एका नियमाने तो झरा टिकला होता. तुमच्या जगातही निषेध असेल तिथे असं काहीतरी वेगळं उगवलेलं, साचलेलं, कुजलेलं असलं पाहिजे.

याचा धर्म कधी होतो

साऱ्या गावाने दिवसाउजेडी, वाजतगाजत केलं तर ती जत्रा. एकट्याने अमावास्येला तेच केलं तर करणी. कृती तीच, साक्षीदार वेगळे. तुमच्या जगात धर्म आणि जादू यांच्यामधली रेघ ओढताना मी हीच कसोटी सुचवेन.

धर्म आला की मानकरी आले. पालखीला पहिला खांदा कुणाचा, नारळ कोण फोडणार, थांब्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार नावाड्याच्या घराला की पाटलाच्या? न्यूझीलंडमध्ये २०१७ साली व्हांगानुई नदीला कायद्याने व्यक्ती म्हणून मान्यता मिळाली, आणि तिच्या वतीने बोलायला दोन माणसं नेमायची ठरली: एक नदीकाठच्या माओरींचा, एक सरकारचा. ही दोन माणसं एकमेकांशी सहमत झाली नाहीत तर? तुमच्या कथेतलं राजकारण इथून सुरू होईल.

आता तो बाजूला ठेवलेला तक्ता काढा. मोठ्या देवता नंतर येतात, बहुधा बाहेरून, बहुधा सत्तेबरोबर, आणि जुन्या दगडांशी त्यांना काहीतरी नातं जोडावं लागतं. गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्यात राहत, इथल्या टेकड्या पायी फिरत. लोकदेवतांच्या ठाण्यांजवळ त्यांना अश्मयुगीन माणसाची बारीक दगडी हत्यारं सापडली. देवादेवींची लग्नं लागतात तेव्हा त्यामागे दोन समाजांचं एकत्र येणं असू शकतं, असं त्यांनी मांडलं. म्हणून तुमच्या तक्त्यातल्या जलदेवतेला विचारा: तू सावळीकाठी कधी आलीस, आणि थांब्या तुझा कोण? भाऊ, नवरा, द्वारपाल, की हरलेला शत्रू? या उत्तरात तुमच्या जगाचा इतिहास लिहून होईल.

समोरच्याच्या डोळ्यांनी बघा

ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या काही समाजांची समजूत ब्राझीलच्या एदुआर्दो विवेइरोस दे कास्त्रो यांनी नीट उलगडून दाखवली. जॅग्वार स्वतःला माणूसच समजतो. आपल्याला जे रक्त दिसतं, ते त्याला कसावा नावाच्या कंदाची बिअर दिसते. प्रत्येकजण आपल्या घरात माणूस, फक्त देह वेगळे म्हणून दिसणारं जग वेगळं. एक पान थांब्याच्या बाजूने लिहून बघा. त्याला पूर म्हणजे काय? कदाचित वर्षातून एकदा भेटायला येणारी बहीण. मग दरवर्षी पूर अडवायची प्रार्थना करणारं गाव त्याला कसं वाटत असेल?

आपल्याकडे जुन्नर आणि अकोले तालुक्यांच्या डोंगरांत महादेव कोळी समाज वाघबारस करतो. वाघोबाच्या ठाण्यापाशी जमून खीर शिजवतात, गुराढोरांना राख म्हणून विनवतात. ज्याची भीती त्यालाच जेवणाचं आमंत्रण. खलनायक रचण्याआधी या प्रथेचा विचार जरूर करा.

वस्तूंनाही विसरू नका. खंडेनवमीला आपण हत्यारं-अवजारं पुजतो, पुस्तकाला पाय लागला तर हात लावून नमस्कार करतो. जपानात मोडलेल्या सुया मऊ टोफूत खोचून त्यांचे आभार मानण्याचा दिवस असतो. जन्मभर कठीण कापडांतून गेल्या, आता मऊ जागी विसावू दे, अशी त्यामागची भावना. मला ती फार लोभस वाटते.

जिवंत माणसांचं उसनं घेताना

वाघोबा, वारल्यांचा हिरवा देव, साती आसरा, म्हसोबा ही आज कुणाच्या तरी घरची दैवतं आहेत. त्यांचं नाव तसंच उचलून त्यांना राक्षस करू नका. प्रथेमागची रचना घ्या, नाव आणि घटना स्वतःची घडवा. आदिवासी पात्रं म्हणजे निसर्गाचं गूढ ज्ञान सांगणारे भोळे लोक, हा साचा टाळा. त्यांच्यातही कंजूष, संशयी, चेष्टेखोर, देवाशी भांडणारे लोक असू द्या. आणि करणी, चेटूक यांच्याबद्दल लिहिताना लक्षात असू द्या की चेटकीण ठरवून बाईला मारहाण करणं ही इथली खरी गोष्ट आहे आणि त्यासाठी महाराष्ट्रात २०१३ साली कायदा करावा लागला. तुमच्या जगात गाव एखादीला चेटकीण म्हणत असेल, तर ते गाव चूक आहे की बरोबर याचा निर्णय लेखक म्हणून तुम्हाला घ्यावा लागेल, आणि त्या निर्णयाची जबाबदारीही तुमचीच.

शेवटी, जागा हलवून बघा

जग रचून झालं की त्याला धक्का द्या. जागेशी बांधलेल्या सत्त्वाला सगळ्यात मोठा धक्का म्हणजे जागाच जाणं. मुळशी धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला, पुढे सेनापती बापटांनी तो लढवला, तरी गावं पाण्याखाली गेलीच. घरं उठली, माणसं उठली. बांध, विहिरी, पार मात्र उचलून नेता येत नाहीत. तिथे जे राहत होते त्यांचं काय झालं? ते पाण्याचे झाले, की नव्या वस्तीत मागोमाग आले, की कुणी सांगितलंच नाही म्हणून अजून वाट बघतायत?

या प्रश्नावर पहिलं पान लिहा. तीनशे शब्द, एक पात्र, एक सत्त्व, एक बदल. ‘जादू’, ‘शक्ती’, ‘आत्मा’ हे शब्द वापरायचे नाहीत. माझं पान असं सुरू झालं:

सावळीवर पूल होणार म्हणून दोन्ही काठांवर चुन्याच्या रेघा पडल्या होत्या. एक रेघ थांब्याच्या अंगावरून गेली होती. तानीने पदराने ती पुसून काढली, चपला हातात घेतल्या आणि उभी राहिली. एक, दोन, तीन. मागे मुकादम ओरडत होता. सात, आठ. दहा झाल्यावर तिने अलीकडचा खडा दगडापाशी ठेवला आणि नावेत बसली. पाण्याच्या मध्यावर आल्यावर तिने बापाला विचारलं, ‘आबा, पुलावरनं जाणारी माणसं थांबणार कुठं?’ आबाने वल्हं आडवं घेतलं. नाव थोडी वाहवत गेली, तरी त्याने ती सरळ केली नाही.